गावभर वाटलेला गाल

ऋजुता टेंबेचा फोटो यंत्राने तिसऱ्यांदा नापास केला तेव्हा तिच्या मागे ओळखपत्राच्या रांगेत अकरा जण उभे होते. पहिल्यांदा तिला वाटलं, उजेड कमी पडला असेल. दुसऱ्यांदा तिने चष्मा काढला. तिसऱ्यांदा पडद्यावर तेच वाक्य उमटलं आणि यंत्राने ते गोड आवाजात वाचूनही दाखवलं. 'त्वचा नैसर्गिक वाटत नाही. कृपया आपला खरा चेहरा दाखवा.'

मागचे लोक हसले. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. सांगलीच्या हळद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची बावीस वर्षं नोकरी झालेली. हळदीत कुणी रंग मिसळला, कुणी पीठ मिसळलं हे चिमटीभर पुडीवरून सांगणारी ही बाई, आणि यंत्र तिलाच भेसळ ठरवत होतं. पण खरी गंमत त्या अकरा जणांना ठाऊकच नव्हती. यंत्र ज्या त्वचेशी ताडून खरं-खोटं ठरवत होतं, ती त्वचा ऋजुताचीच होती. तिच्या डाव्या गालाची, ती सव्वीस वर्षांची असतानाची.

हे कसं झालं ते नीट सांगायला हवं. चेहऱ्याचा फोटो म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन पातळ कागद असं समजा. खालच्या कागदावर रंग आणि सावल्या असतात, म्हणजे लालसर डाग, डोळ्यांखालचा काळेपणा, उन्हाने रापलेलं कपाळ. वरच्या कागदावर त्वचेचा पोत असतो, म्हणजे रोमछिद्रं, लव, बारीक रेघा. पूर्वी घाईतले फोटोवाले दोन्ही कागद एकदम पुसून काढायचे आणि अल्बममधली नवरी मेणाची दिसायची. चांगला कारागीर मात्र खालच्या कागदावर हात फिरवायचा आणि वरच्याला धक्का लावायचा नाही. डाग जायचा, कातडी कातडीच राहायची. अडचण यायची ती पुटकुळीपाशी नाहीतर व्रणापाशी, कारण तिथे वरचाच कागद बिघडलेला असतो. तिथे दुसरीकडची त्वचा आणून बसवावी लागते, आणि कपाळाची त्वचा हनुवटीवर कितीही शिताफीने बसवली तरी ठिगळ ते ठिगळच.

निनाद टेंबे, म्हणजे ऋजुताचा नवरा, याने वीस वर्षांपूर्वी या ठिगळाचा प्रश्न कायमचा सोडवला. त्वचेला वाढायचा एक नियम असतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. दोन छिद्रांत किती अंतर, त्यांना जोडणारी रेघ कुठे वळते, खाली हाड आलं की ताण कोणत्या दिशेने बसतो, हे सगळं ठरलेलं असतं. एका माणसाच्या गालाचा रुपयाएवढा तुकडा पुरेशा बारकाईने टिपला, तर यंत्र तो नियम शिकतं आणि मग कुठल्याही चेहऱ्यावर हवी तेवढी जिवंत दिसणारी त्वचा उगवून देतं. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध विरजावं तसं. तो काम करायचा त्या 'तनुपट' कंपनीत सगळे त्या तुकड्याला विरजणच म्हणायचे.

कंपनीने अशी तीनशे विरजणं लावून पाहिली आणि लोकांना विचारलं, यातला कोणता चेहरा खरा वाटतो? सर्वांत जास्त मतं सातव्या तुकड्याला पडली. तो ऋजुताचा गाल. मग तो फोनच्या कॅमेऱ्यांत गेला, लग्नाच्या अल्बममध्ये गेला, निवडणुकीच्या फलकांवर गेला, वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या चौकटीतही गेला. वीस वर्षं लोकांनी एकच त्वचा पाहिली आणि त्यांचे डोळे तिलाच सरावले. पुढे बनावट फोटो पकडणारी यंत्रं आली, तेव्हा खरी त्वचा कशी दिसते म्हणून त्यांनाही हीच त्वचा शिकवली गेली. दरम्यान मूळ गाल सेहेचाळीस वर्षांचा झाला होता, पण हे यंत्राला कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. बाकीचे लोक फोनवर काढलेला फोटोच पाठवायचे, म्हणून त्यांचं निभावून जायचं.

सुरुवातीची काही वर्षं ऋजुताची छाती अभिमानाने फुगून यायची. समारंभात एखाद्या नटीचा मोठा फोटो दिसला की ती मैत्रिणीला कोपर मारायची. मग हळूहळू कुठेतरी खुपायला लागलं. निनाद घरूनच काम करायचा. विरजण सांभाळणं हेच त्याचं काम होतं, कारण दर नव्या कॅमेऱ्यासाठी ते नव्याने बसवावं लागे. त्याच्या खोलीत भिंतभर पडदा होता आणि त्यावर तो गाल सकाळपासून पसरलेला असायचा. छिद्रं वाटीएवढी दिसायची. डाव्या कोपऱ्यात मोहरीएवढा एक खळगा होता, तो पडद्यावर ताटाएवढा व्हायचा. तो खळगा कांजिण्यांचा. ऋजुताला चौथीत कांजिण्या आल्या होत्या आणि तिच्या गालावर तसे चार-पाच होते, त्यातलाच हा एक म्हणून तिने कधी आरशात शोधला नाही. ती चहा घेऊन आत जायची. निनाद डोळे बारीक करून एकेका छिद्राकडे बघत असायचा आणि मान न वळवता म्हणायचा, "ठेव."

तिने त्या पडद्यावरच्या बाईचं नाव ठेवलं होतं, सव्वीसची. सवत निदान दुसरी बाई असते, तिच्या नावाने बोटं तरी मोडता येतात. इथे बोटं मोडायची तर ती आपल्याच नावाने. सव्वीसचीला ना कधी सर्दी व्हायची, ना तिच्या डोळ्यांखाली सुरकुत्या पडायच्या, ना तिला कुणी "ठेव" म्हणायचं. चाळिसाव्या वाढदिवसाला निनादने ऋजुताचा फोटो काढला आणि सवयीने त्यावरही तीच त्वचा चढवून दिली. बायकोचा वाढदिवस आणि फोटोत भलतीच, असं ऋजुताला वाटलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि का बोलत नाही हेही तिने सांगितलं नाही. सांगणार काय? पुण्याला शिकणाऱ्या ओवीला, म्हणजे लेकीला, तिने एकदा आडून आडून सांगून पाहिलं. ओवीने फोनवर मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "आई, तू स्वतःवरच जळतेस?"

जळत होती. खरं होतं ते.

ओळखपत्राचा किस्सा तिने घरी आल्यावर हसत सांगितला. निनाद काय म्हणतो ते तिला बघायचं होतं. तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, दे इकडे. त्याने तिच्या फोटोवर विरजण लावलं, फोटो यंत्राकडे पाठवला आणि यंत्राने तो लगेच पास केला. दुसऱ्या दिवशीपासून ऋजुताच्या गळ्यात ओळखपत्र लटकू लागलं. नाव तिचं, पद तिचं, चेहरा सव्वीसचीचा. आरशात बघायचं सोडून ती दिवसातून दहादा ते ओळखपत्र उलटं करून ठेवायची.

त्याच आठवड्यात संमती कार्यालयाचं पत्र आलं. कायद्याने त्वचेचा तुकडा देणाऱ्याची संमती वीस वर्षंच टिकायची. आता ती पुन्हा द्यायची, नाहीतर मागे घ्यायची. मागे घेतली तर तीन महिन्यांच्या आत ते विरजण सगळ्या यंत्रांतून काढून टाकावं लागणार होतं. ऋजुताने पत्र दोनदा वाचलं. आपल्या हातात असं काही आहे, याची तिला वीस वर्षांत कल्पनाच नव्हती. तिने ठरवायलाही वेळ घेतला नाही. सव्वीसचीला घालवायची. निनादच्या हातातलं काम जाईल, त्याची सगळी कमाई, सगळं नाव त्या तुकड्यावर उभं आहे, हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तिने त्याला सांगितलं नाही.

निनाद मात्र पत्र पाहून पांढराफटक पडला. प्रत्यक्ष जायची काही गरज नाही, म्हणाला. फोनवरून सही चालते, मीच फॉर्म भरतो, मिरजेपर्यंत उन्हात कशाला जातेस. दोन दिवसांत त्याने हे पाचदा म्हटलं. बायको उन्हात जाऊ नये म्हणून या माणसाने वीस वर्षांत एकदाही चिंता केली नव्हती. ऋजुताने मनात म्हटलं, बघा, त्याला तिची किती काळजी. आणि बुधवारी प्रयोगशाळेतून अर्धी रजा टाकून ती स्कूटरने थेट मिरजेला गेली.

संमती कार्यालयात हुजरे नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, शांत, कामाला चोख. त्यांनी सांगितलं की सही घ्यायच्या आधी तुकडा तुमचाच आहे याची खात्री करावी लागते. त्वचा सुकते, सैल पडते, रंग बदलते, पण छिद्रांची मांडणी बोटांच्या ठशांसारखी जन्मभर तीच राहते. त्यांनी ऋजुताच्या डाव्या गालावर काचेची थंड चकती टेकवली. पडद्यावर ठिपक्यांचे दोन नकाशे एकमेकांवर सरकू लागले. सरकले, फिरले, पुन्हा सरकले. हुजरे बाईंनी चकती पुसून परत टेकवली. मग उजवा गाल तपासला. मग फोटो कधीकधी आरशासारखा उलटा साठवलेला असतो म्हणून नकाशा उलटवून पाहिला.

"टेंबे मॅडम," त्या शेवटी म्हणाल्या, "हा तुकडा तुमचा नाही."

ऋजुताने म्हटलं, वीस वर्षांपूर्वी त्या तुकड्यासाठी मीच खिडकीत बसले होते, चाळीस फोटो काढले होते माझे. हुजरे बाईंनी वाद घातला नाही. कागदावर छापलेला नकाशा त्यांनी तिच्या हातात दिला. एका ओळीत तीन छिद्रं आणि त्यांच्याशेजारी तो खळगा, भोवती लाल वर्तुळ. ज्याचा तुकडा असेल त्याला घेऊन या, म्हणाल्या. तोवर कुणालाच सही करता येणार नाही.

परतताना अर्धा रस्ता सरेपर्यंत ऋजुताला काही सुचलंच नाही. मग एकदम गार्गी सुचली. वीस वर्षांपूर्वी निनादबरोबर काम करायची. बोलताना त्याच्या खांद्यावर हात ठेवायची आणि तिची कातडी अशी होती की ऋजुताने स्वतः एकदा तिला विचारलं होतं, काय लावतेस गं? आता ती बंगलोरला असते. दर दिवाळीला निनादला न चुकता संदेश पाठवते. ऋजुताने रस्त्याकडेला स्कूटर थांबवली आणि हिशेब लागत गेला. वीस वर्षं आमच्या घरात, भिंतभर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गार्गी. मी तिच्यापुढे चहा नेऊन ठेवत होते. वाढदिवसाच्या फोटोत गार्गी. गळ्यातल्या ओळखपत्रात गार्गी. तिने ओळखपत्र ओढून काढलं आणि स्कूटरच्या डिकीत आदळलं. सव्वीसचीवर जळत होती तेव्हा निदान जळणं घरातल्या घरात होतं. हे निराळंच होतं.

घरी आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पडद्यावर गाल पसरलेला होता आणि निनाद खुर्चीत मान मागे टाकून झोपला होता. चष्मा कपाळावर चढवलेला. दोन रात्री त्याला नीट झोप लागली नव्हती, हे तिने पाहिलं होतं आणि त्याचाही तिने आपल्या सोयीचा अर्थ लावला होता. त्याला गदागदा हलवून गार्गीचं नाव घ्यायचं, एवढंच ठरवून ती त्याच्यावर वाकली. खिडकीतलं ऊन त्याच्या तोंडावर तिरपं पडलं होतं. डाव्या डोळ्याखाली, दाढी सुरू होते त्याच्या दोन बोटं वर, मोहरीएवढा एक खळगा होता.

तिने हातातला कागद बघितला. मग त्याचा गाल. मग भिंतीवरचा पडदा. पुन्हा त्याचा गाल, अगदी वीतभर अंतरावरून. बावीस वर्षं हा माणूस तिच्यासमोर जेवला होता, आजारी पडला होता, हसला होता, भांडला होता. तो आपल्याकडे बघत नाही म्हणून ती इतकी वर्षं धुमसत राहिली, आणि त्याच्या डोळ्याखाली एक खळगा आहे हे तिला आज कळत होतं.

निनादने डोळे उघडले. तिच्या हातातला कागद त्याने ओळखला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हा कधीचा?" तिने खळग्यावर बोट ठेवून विचारलं.

"कांजिण्यांचा," तो म्हणाला. "सहावीत असतानाचा."

मग त्याने सगळं सांगितलं. खिडकीत फोटो काढायचे होते त्याच्या आदल्या दिवशी त्याने तिला तीनदा बजावलं होतं, तोंडाला काही लावू नकोस, जशी आहेस तशी बस. आणि ऋजुता, आपला गाल निवडला जाणार म्हणून, गुपचूप पार्लरला जाऊन ब्लीच आणि फेशियल करून आली होती. हे त्याला कधीच कळलं नाही अशी तिची इतकी वर्षं समजूत होती. त्याला पहिल्याच फोटोत कळलं होतं. लव उडालेली, छिद्रं वाफेने फुललेली, वर क्रीमची चकाकी. चाळीसपैकी एकही फोटो कामाचा नव्हता आणि तुकडा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायचा होता. तोवर तिने आईला, मावशीला, ऑफिसातल्या सगळ्यांना फोन करून सांगून टाकलं होतं. तिला नाही म्हणायचा त्याला धीर झाला नाही. त्याने कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि स्वतःच्या गालाचा फोटो काढला. तीनशे तुकड्यांत आपलाच निवडला जाईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. निवडला गेला, तेव्हा वर तिची सही होती आणि मग तोंड उघडायची सोयच राहिली नाही.

"आणि माझे चाळीस फोटो?"

"पुसले. खराब होते."

एखाद्याने म्हटलं असतं, जपून ठेवलेत. निनादला बायकोशी खोटं बोलायला उभ्या आयुष्यात एकदाच जमलं होतं आणि त्यातच तो दमला होता. ऋजुता खाली चटईवर बसली. गार्गी गेली, हे बरं झालं. पण सव्वीसचीही गेली होती. नटीच्या फोटोकडे बघून मैत्रिणीला मारलेली कोपरं गेली, मावशीला केलेले फोन गेले. वीस वर्षं जिचा राग राग केला ती कधी नव्हतीच, आणि तिच्याशिवाय ऋजुताला एकदम पोरकं वाटलं. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. निनाद शेजारी येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दोघं मिरजेला गेली. हुजरे बाईंनी निनादच्या गालावर चकती टेकवली आणि नकाशे एका क्षणात जुळले. खोट्या संमतीबद्दल दंड होईल, त्या म्हणाल्या. पण तुकडा तुमचा असल्यामुळे हक्कही तुमचा. तो पुढे चालू ठेवायचा असेल तर कंपनी तुम्हाला सांभाळून घेईल, तिचं सगळं यावरच चालतं. बंद करायचा असेल तर कंपनीत तुम्हाला पुन्हा कुणी उभं करणार नाही. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यावर दोनच चौकोन होते.

निनाद पेन हातात धरून ऋजुताकडे बघत राहिला. "तू सांग," तो म्हणाला.

ऋजुताला खरं म्हणजे म्हणायचं होतं, चालू ठेव. आता सवत नाही, मग भांडण कशाचं? रात्रभर तिने स्वतःला हेच समजावलं होतं. पण सकाळी कोपऱ्यावरच्या फुलवालीने नव्या फोनवर काढलेला आपला फोटो कौतुकाने दाखवला आणि तिच्या गुटगुटीत गालावर निनादचा गाल बघून ऋजुताने फोन चटकन तिच्या हातात परत दिला. मग तो सगळीकडे दिसायला लागला. समोरच्या देशपांडे वहिनींच्या दारावरच्या तसबिरीत, चौकातल्या दागिन्यांच्या जाहिरातीत, आता इथे हुजरे बाईंच्या गळ्यातल्या ओळखपत्रातही. आणि बंगलोरच्या गार्गीने गेल्या दिवाळीला पाठवलेल्या फोटोत तर असणारच. माझा नवरा, आणि त्याचा गाल सगळ्या गावाने तोंडाला लावलेला.

"काल मी हिला घालवायला आले होते," ती म्हणाली. "आता कळलं, ती तू आहेस. मला वाटलं होतं राग जाईल. नाही गेला. मला हा गाल कुणालाच द्यायचा नाही."

हुजरे बाईंनी आपलं ओळखपत्र हळूच पदराआड सारलं. निनादला हसू आलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. वीस वर्षं आपलं आपलंच तोंड बघतोय, तो म्हणाला, वीट आला होता, पण सांगणार कुणाला. आणि त्याने दुसऱ्या चौकोनात खूण करून सही केली.

तीन महिन्यांत विरजण यंत्रांतून गेलं. पहिल्या महिन्यात लोकांनी फार आरडाओरडा केला. फोन बिघडला, कॅमेरा बिघडला, मी अशी कुठे दिसते. मग प्रत्येकाला स्वतःच्याच चेहऱ्यातून थोडं थोडं विरजण घ्यायची सोय आली आणि लोक गप्प झाले. निनादने दंड भरला, नोकरी सोडली आणि पुढच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीपाशी, एक स्टूल मांडून फोटो काढायला सुरुवात केली. पहिला फोटो ऋजुताच्या नव्या ओळखपत्राचा. आदल्या दिवशी संध्याकाळी ती पार्लरच्या दारावरून दोनदा गेली, पण आत गेली नाही. याचं श्रेय तिला द्यायला हवं.

सकाळी ती तोंड नुसतं पाण्याने धुऊन स्टुलावर बसली. निनाद हातातलं भिंग घेऊन तिच्या गालाजवळ आला, तसं तिने ते भिंग काढून घेतलं आणि त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. हळदीने पिवळी झालेली तिची बोटं त्याच्या दाढीत रुतली आणि गालावर एक पिवळा ठिपका उमटला. खळग्याशेजारी तीन छिद्रं होती, त्यांच्या खाली सुरकुती, आणि सुरकुतीच्या टोकाला एक तीळ. तो तुकड्यात नव्हता, म्हणजे नंतर कधीतरी आलेला.

"हा कधी आला?" तिने विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. त्याने वळून आरशात बघायचा प्रयत्न केला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "आधी मला बघू दे."